थोरल्याचा चौथा भाग

१

सकाळी दहाच्या ठोक्याला बाइंडरबाई अकरा पायऱ्या, पाचव्या टवका उडालेल्या पायरीवर जरा थांबून, उतरून ग्रंथालयाच्या तळघरात यायची, खळीच्या डब्यावर धरलेली साय बोटाने काढून टाकायची आणि ढिगातल्या पहिल्या पुस्तकाला म्हणायची, "ये रे बाबा. काय हाल केलेत कारट्यांनी तुझे?"

चाळीस वर्षं हाच क्रम. फाटकं पुस्तक उसवायचं, पानं मोजायची, शिवायचं, पाठीला रद्दी कागदाचं अस्तर चिकटवायचं, पुठ्ठा चढवायचा आणि शिकंजाच्या दोन फळ्यांत दांडा फिरवून आवळून ठेवायचं. पानांचा आकडा मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, पेन्सिलीने. पुस्तक परत आलं की आकडा पडताळायचा, म्हणजे कुणी पान फाडलं ते लगेच कळतं. वाचायचं मात्र नाही. वाचायला लागलं की हात थांबतो, असं तिचं म्हणणं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या कामात चूक काढायला वरच्या मजल्यावर कुणाची छाती नव्हती.

चार महिन्यांपासून तळघरात तिची नातही यायची. नऊ वर्षांची. आईने नाव पाडलं होतं भिंगरी, पण आई बोटीवरच्या स्वयंपाकघरात वर्षभराच्या करारावर गेली आणि भिंगरी फिरायची थांबली. जाताना ती बाईला, आपल्या आईला, म्हणाली होती, "आई, मी परत येईन तेव्हा मला ही अशीच हवी. कमी नको, जास्त नको." बाई म्हणाली होती, "मी काय तिला झिजवणार आहे?"

पण पोर परक्यासारखी राहायची. "आजी, तुझ्या घरी टॉवेल कुठे ठेवतात? आजी, तुझ्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो का?" चार महिने झाले तरी तुझं घर, तुझी खिडकी. बाई उत्तर द्यायची आणि तो शब्द कुसळासारखा दिवसभर बोचत राहायचा.

शाळा सुटली की भिंगरी शिकंजामागच्या स्टुलावर बसून एकच मालिका वाचायची. जपानी चित्रकथा, मुलं तिला मंगा म्हणतात. सात भाग. अक्षरं आपल्या भाषेतली, चित्रं मूळची. एका शाळेतली पाच मुलं आणि त्यांचा यंत्रमानव, थोरला. कपाटाएवढा, लोखंडी, कपाळावर एकच गोल डोळा. त्याला कळतं. मुलं त्याला शिकवतात: रुसायचं कसं, थाप मारायची कशी, पाऊस पडत असताना गप्प का बसायचं. तो प्रत्येक गोष्ट एकदाच शिकतो आणि मग कधीच विसरत नाही.

चौथा भाग पंधरा दिवसांपूर्वी बिनपुठ्ठ्याचा, चिंध्या होऊन आला होता. बाईने तो नवाकोरा करून वर पाठवला होता. ब्याण्णव पानं.

२

बुधवारी भिंगरी तोच भाग हातात घेऊन टेबलाशी उभी राहिली.

"आजी, हा उलटा बांधलाय."

"काय बांधलाय?"

"उलटा. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात. चित्रंसुद्धा उजवीकडून डावीकडे बघायची. बाकीचे सहा भाग बघ ना. तू नाव शेवटाकडे चिकटवलंस."

बाईने सुई खाली ठेवली. "मी नाव चिकटवते तिथेच पुस्तक सुरू होतं. कळलं?"

नेमका तेव्हाच ग्रंथपाल पायऱ्यांवर होता. काडीसारखा बारीक माणूस, आवाज मात्र ढोलासारखा. "मावशी, चुकलात वाटतं! कॅलेंडरवर खूण करू का?"

"चुकायला मी काय ग्रंथपाल आहे?" बाई कडाडली. तो हसत वर गेला.

तो गेल्यावर तिने तिसरा भाग काढून चौथ्याशेजारी धरला. पोर खरं बोलत होती. पुठ्ठा नसलेलं पुस्तक हातात आलं तेव्हा सवयीने पाठ डावीकडे धरली, वरचं पान ते पहिलं पान. त्या पानावर चित्र नव्हतं, कसली तरी सूचना होती. रद्दी समजून तिनेच ते फाडलं होतं, मोजायच्याही आधी. दहा मिनिटांचं काम: पुठ्ठा सोडवायचा, फिरवून चढवायचा. पण ते करताना पोरीने बघितलं असतं आणि पोरीने वर सांगितलं असतं. बाईने तिसरा भाग जागेवर ठेवला.

"मग मी कसं वाचू?" भिंगरीने विचारलं.

"जसं बांधलंय तसं. डावीकडून."

भिंगरीने वाचलं. पोर हट्टी, आजीवर गेलेली. चित्रन् चित्र बोट ठेवून, डावीकडून उजवीकडे, मोठ्याने.

"काय आहे एवढं त्यात?" शेवटी बाईनेच विचारलं.

"या भागात ना, शहरभर धुकं येतं आणि भोंगा वाजतो. थोरला पाचही मुलांना एकेक करून घरी सोडतो. दारात आई येते. तो विचारतो, 'हे तुमचं ना?' आई म्हणते, 'हो.' मग तो पुढच्या घरी. शेवटी शाळेच्या फाटकापाशी एकटाच उभा राहतो. सरळ वाचलं तर असं."

"आणि असं वाचलं तर?"

"असं वाचलं तर तो फाटकापासून एकटा निघतो. दार उघडतं. आई म्हणते, 'हो.' मग तो विचारतो, 'हे तुमचं ना?' आणि मूल त्याच्याबरोबर धुक्यात निघून जातं."

"आधी उत्तर आणि मग प्रश्न?"

"हो ना. विचारायच्या आधीच हो म्हणून बसतात सगळ्या."

भिंगरीने पान उलटलं. बाईने सुईत दोरा ओवायला घेतला. तीन वेळा चुकला.

३

गुरुवारी भिंगरी शाळेत असताना बाईने तो भाग पुढ्यात ओढला. पाठीचं कापड एका कडेने सुटलं होतं, तेवढं चिकटवावं म्हणून. सवयीने पानं मोजली.

त्र्याण्णव.

पुन्हा मोजली. त्र्याण्णव. कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा तिच्याच अक्षरात: ब्याण्णव. तिने चष्मा पुसला, तर्जनी ओली केली आणि तिसऱ्यांदा मोजली, या वेळी मोठ्याने, पोरांना पाढे म्हणायला लावतात तशी. एक पान जास्त.

दोन पानं एकमेकांना चिकटली असतील तेव्हा, असं तिने स्वतःला समजावलं. चिकटलेली पानं तिच्या बोटांना कळली नाहीत असं कधी झालं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. कुणी मागाहून पान खुपसलं असेल म्हणून तिने शिवण तपासली. शेवटचं पान इतरांसारखंच शिवलेलं. तिचाच मेण लावलेला दोरा, तिचेच टाके, सुरुवातीच्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकसंध. उसवल्याशिवाय तिथे पान जाणं शक्य नव्हतं आणि उसवलेलं नव्हतं.

मग तिने जे चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. वाचलं.

तासभर तिचा हात थांबला. शब्द जवळजवळ नव्हतेच. धुकं कुणी तरी इतक्या बारीक रेघांनी काढलं होतं की कागद गार लागत होता. त्या धुक्यातून तो अवजड जीव चालत होता, आणि त्याची ती बोटं! रुळासारखी जाड, पण मुलाच्या मनगटाभोवती अशी मिटलेली, जशी बाई स्वतः जुन्या पुस्तकाचं झिजलेलं पान धरायची. या हाताने कुणाला इजा होणं शक्यच नाही, असं चित्र बघून वाटत होतं. आणि तोच हात दारामागून दार, घरांमधून मुलं काढून नेत होता. डोळ्यात राग नाही, लबाडी नाही. पानं ज्या दिशेने उलटतील त्या दिशेने तो चालत होता. बाईच्या अंगावर काटा आला, पण तो निव्वळ भीतीचा नव्हता. एखाद्या भल्या मोठ्या धरणाच्या भिंतीखाली उभं राहून वर बघावं, तसं काहीसं तिला झालं.

पाच दारं झाली. शेवटच्या पानावर दार नव्हतं. थोरला एकटाच होता आणि त्याच्यापुढे खाली जाणाऱ्या काही पायऱ्या.

पायऱ्या म्हणजे पायऱ्या. कुठल्याही असतात. पाचव्या पायरीचा टवका उडालेला होता, तोही कुठल्याही पायरीचा उडतो.

पुठ्ठा फिरवायचा हे तिने तेव्हाच ठरवलं. उद्या. शुक्रवारी शाळांची क्रमिक पुस्तकं गठ्ठ्याने आली आणि उद्या म्हणजे शनिवार झाला.

४

शनिवारी अर्धी शाळा. भिंगरी साडेबाराला आली, डबा खाल्ला, हात पुसले आणि स्टुलावर चौथा भाग घेऊन बसली. बाई पाठमोरी, तोंडात दोरा, हातात जाडजूड कोश.

"आजी, आई येईल तेव्हा मी कुठून जाईन? तुझ्या घरून की इथून?"

"जिथे असशील तिथून." दोऱ्यामुळे शब्द चावले गेले. "घाई आहे का तुला?"

पान उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

दारावर टकटक झाली. तळघराचं दार ओलीने खालून कुजलं होतं, बाईने त्याला हिरव्या बाइंडिंग कापडाचं ठिगळ मारलं होतं. त्या ठिगळामुळे टकटक नेहमीच बोदी, दबकी यायची. वरून शिपाई पुस्तकं घेऊन आला की अशीच यायची आणि बाई मान न उचलता म्हणायची तेच म्हणाली.

"हो, हो!"

स्टूल सरकलं. भिंगरीची पावलं दाराकडे गेली. कडी निघाली. मग काहीच नाही. वर कुणी बोललं नाही, गठ्ठा जमिनीवर आदळला नाही. फक्त खळीच्या डब्यात, सायीवर, एक गोल लहर उठली आणि कडेला जाऊन विरली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी, आधीपेक्षा बारीक.

बाईने टाका पुरा केला, गाठ मारली आणि मागे वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं. दार उघडं होतं.

५

वर बालविभागात नव्हती. स्वच्छतागृहात नव्हती. ग्रंथपाल म्हणाला, "ती तर तुमच्याकडेच होती ना?" बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीतून उठला.

फाटकावरचा पहारेकरी दुपारच्या उन्हात टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. "भिंगरी? आत्ताच गेली की, मावशी. शाळेच्या बाजूला."

"कुणाबरोबर?"

"एकटीच." मग त्याने मान खाजवली. "हात वर करून चालत होती बघा. असा. सरळ वर. कुणी उंच माणसाने बोट धरलं असावं तसा. मी म्हटलं, खेळतेय."

शाळेपर्यंत सात मिनिटांची वाट. बाई चार मिनिटांत गेली, त्या गुडघ्यांनी. फाटकाला कुलूप होतं. पलीकडे पटांगणावर टळटळीत ऊन आणि एकही माणूस नाही. तिने हाक मारली. आवाज इमारतीवर आपटून परत आला तेव्हा तो तिचा वाटला नाही, आणि हाक एकदाच मारली असताना तो दोनदा आला.

परतली तेव्हा ग्रंथपाल फोनवर पोलिसांशी बोलत होता. फोन बाजूला धरून म्हणाला, "मावशी, बसा. पाणी घ्या. सापडेल. कपडे कुठल्या रंगाचे होते?"

"निळा फ्रॉक, पांढरे मोजे. तुम्ही सांगा त्यांना. मी खाली जाते, माझं काम राहिलंय."

"आत्ता? काम?" त्याचा ढोल एकदम फुटला.

"चूक झालीय माझी," बाई म्हणाली. सगळ्या वाचनकक्षाला ऐकू गेलं. "तुमच्या कॅलेंडरवर खूण करा."

६

पुस्तक स्टुलावर उघडं पडलं होतं. शेवटचं पान. तिने मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

पायऱ्यांच्या पुढे आता दार होतं. बंद. खालच्या अर्ध्या भागाला ठिगळ. चित्रं काळीपांढरी, पण ठिगळाची वीण तिने ओळखली, वरच्या कोपऱ्यात कापड तिरकं कापलं गेलं होतं तेसुद्धा. पुढच्या चौकटीत तेच दार आणि दाराच्या आतून आलेला शब्द: हो, हो! त्याच्या पुढच्या चौकटीत थोरल्याचा प्रश्न. शेवटच्या चौकटीत पायऱ्या, आणि त्या चढणारे पांढरे मोजे.

हे मी वेडी झाल्यामुळे दिसतंय, असं तिने स्वतःशी नीट शब्दांत म्हणून पाहिलं. असेलही. पण वेडी असो की शहाणी, पुस्तक उलटं बांधलेलं होतं, आणि ते तिने बांधलं होतं.

सुरी घेऊन तिने पुठ्ठा सोडवला. पाठीचं अस्तर सोलताना खालून छापील अक्षरं निघाली. तिनेच फाडलेलं ते पहिलं पान, रद्दी म्हणून तिनेच इथे चिकटवलेलं: थांबा! तुम्ही शेवटाकडून सुरुवात करत आहात. बाई हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिने पानांचा ठोकळा फिरवला, खळ लावली, पुठ्ठा सुलट चढवला. नाव उजव्या तोंडाला चिकटवलं. शिकंजात ठेवून दांडा आवळला. खळ वाळायला तीन तास लागतात. खळीला घाई कळत नाही, कुणाचं मूल हरवलंय हेही कळत नाही. बाई शिकंजासमोर बसून राहिली, दांड्यावर दोन्ही हात. वर फोन वाजत होते, माणसं चालत होती, कुणी तरी भिंगरीचं शाळेतलं नाव मोठ्याने उच्चारत होतं. दोनदा ग्रंथपाल दारात येऊन परत गेला. दुसऱ्यांदा जाताना त्याने दार ओढून घेतलं.

पोर जाताना काय म्हणाली होती, ते तिला आठवलं. तुझ्या घरून की इथून. आणि आपण काय म्हणालो होतो तेही.

तीन तास धरवले नाहीत. अडीच तासांनी तिने दांडा सैल केला. पाठ अजून ओलसर होती. पुस्तक मांडीवर घेऊन तिने ते उजवीकडून उघडलं आणि पहिल्या पानावर, उजवीकडच्या चौकटीवर, पोर ठेवायची तसं बोट ठेवलं. पायऱ्या. पांढरे मोजे. ते आता उतरत होते.

७

डब्यातली खळ हलली. एक लहर. मग दुसरी, मोठी. तिसरीला टेबलावरची सुई घरंगळली.

पायऱ्यांवर आवाज नव्हता. आवाजाच्या जागी वजन होतं. ते एकेक पायरी खाली येत होतं आणि त्याच्याबरोबर, अगदी हलकी, भिंगरीच्या बुटांची टपटप. टक्. मग थांबणं, पाचव्या पायरीवर थांबावं तसं. पुन्हा टपटप.

दारावर बोदी टकटक झाली.

"हो" तिच्या ओठांपर्यंत आला होता. बाईने तळहात तोंडावर घट्ट दाबला. आधी नाही. या वेळी आधी नाही. ती उठली, दार उघडलं आणि पापणी न लवता उभी राहिली.

भिंगरी उंबऱ्याबाहेर होती. केस ओले, पापण्यांवर दंव, बाहेर कोरडं ऊन असताना. उजवा हात सरळ वर. मूठ एका बोटाभोवती मिटलेली, आणि ते बोट रुळासारखं जाड, मळकट, तीन ठिकाणी सांधलेलं. मनगटापासून पुढचं दाराच्या चौकटीआड. जिना जिथे संपतो तिथे एवढ्या उंचीला जागाच नव्हती, तरी ते तिथे मावलेलं होतं. चौकटीच्या वरच्या फटीतून येणारा उजेड बंद झाला होता.

बाईने तळहात तोंडावरून काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. हा जर विचारायचंच विसरला तर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं, की तो विसरत नाही.

रिकाम्या टाकीत कुणी हळू बोलावं तसा आवाज आला.

"हे तुमचं ना?"

"हो," बाई म्हणाली. "माझं आहे. आणि चूक माझी होती, तुझी नव्हे."

बोट सैल झालं. भिंगरी उंबरा ओलांडून आत आली आणि आजीला घासून उभी राहिली. तिचा हात तेवढा अजून वरच होता, खाली आणायचं तिला सुचलं नव्हतं.

पण वजन हललं नाही. बाई वाट बघत राहिली, पायऱ्या चढून जाण्याची. चौकट कण्हली. वरच्या पट्टीखाली एक गोल कड उतरली, काचेची, ताटाएवढी. अर्धाच डोळा. आत कुठे तरी, खूप खोल, धुकं हलत होतं. तो डोळा भिंगरीवरून निघाला, बाईच्या पांढऱ्या केसांवर आला आणि तिथेच थांबला. मग ते बोट पुन्हा आत आलं आणि बाईच्या छातीपासून वीतभर अंतरावर, अतिशय हळुवारपणे, तिच्याकडे वळलं.

"आणि हे?" त्याने भिंगरीला विचारलं. "हे तुमचं ना?"

भिंगरीएवढीच असताना तिला एका बाइंडरीच्या दारात उभं करून तिची आई म्हणाली होती, संध्याकाळी न्यायला येते. ती संध्याकाळ अजून झाली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही, आणि कुठल्याही पुस्तकात ते छापलेलं नव्हतं. समोरच्या डोळ्याला मात्र घरी न पोचलेलं मूल बरोबर ओळखू येत होतं. त्या जाड बोटाकडे बघताना तिला कळून चुकलं की ते पुढे झालं तर आपण ते धरू. कुरकुर न करता धरू.

भिंगरीने आजीकडे मान वर करून पाहिलं. वर फोन वाजायचा थांबला होता. बाईने एक शब्दही सुचवला नाही. तो तिचा अधिकार नव्हता.

भिंगरीने वर राहिलेला हात खाली घेतला आणि आजीचं मनगट धरलं.

"हो," ती म्हणाली. "आमची आहे."

आणि दुसऱ्या हाताने दार लोटून तिने आतून कडी घातली.